पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत पॅटर्न जुळत नसेल तर आधी तो छापून बघ

तुझा रेजेक्स (मजकूर शोधायचा पॅटर्न) कदाचित बरोबरच असेल, पण तू लिहिलेला पॅटर्न आणि पर्लने वापरलेला पॅटर्न एकच आहे का, ते आधी तपास. स्लॅशांच्या आत $ किंवा @ लावलेलं नाव दिसलं की पर्ल त्या जागी आधी व्हेरिएबलची किंमत भरतं, मगच जुळवणी करतं. ईमेल शोधताना @ च्या आधीचा बॅकस्लॅश राहिला, की पुढचा शब्द अ‍ॅरेचं (यादी ठेवणाऱ्या व्हेरिएबलचं) नाव ठरतो. स्ट्रिक्ट (आधी जाहीर न केलेली नावं नाकारणारी पर्लची कडक तपासणी) चालू असेल तर स्क्रिप्ट तिथेच अडते. नसेल तर त्या जागी काहीच भरलं जात नाही आणि तासभर भलतीकडे शोधाशोध होते. म्हणून स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज कधीच बंद ठेवू नकोस.

पॅटर्न क्यूआरने (qr//, पॅटर्न तयार करून ठेवणारं पर्लचं चिन्ह) व्हेरिएबलमध्ये ठेव आणि छाप. इतक्या वर्षांनंतर मीही पहिलं हेच करतो.

व्हेरिएबलमधला मजकूर जसाच्या तसा शोधायचा असेल तर तो कोटमेटातून (quotemeta, खास चिन्हांआधी बॅकस्लॅश लावणारं फंक्शन) काढ, नाहीतर ‘1.5’ हा पॅटर्न ‘135’ लाही जुळतो. नावाला लागून चौकटी कंस येत असेल तर नाव महिरपी कंसात घाल.

सगळ्यात फसवं म्हणजे रिकामं व्हेरिएबल: पॅटर्न रिकामा झाला की पर्ल आधी यशस्वी ठरलेला पॅटर्नच पुन्हा वापरतं. जुळवणीआधी लांबी तपासत जा.