नागपूरहून जर्मनीला: २३ किलोंत काय बसवायचं आणि काय मागे ठेवायचं

ताई, तुमचा मुलगा सप्टेंबरअखेर नागपूरहून जर्मनीला शिकायला निघतोय आणि घरातलं काय द्यावं, बॅग कशी भरावी, असं तुम्ही विचारलंय. बॅग उघडण्याआधी तिकीट उघडा.

तिकिटावर सामान नगांत लिहिलं असेल तर इकॉनॉमीत एका नगाला बहुधा २३ किलो मिळतात. नुसते '३० किलो' लिहिलं असेल तर ते दोन बॅगांत वाटता येतात, पण कुठलीही एक बॅग ३२ किलोंच्या वर घेत नाहीत. खरी अडचण मुंबई-दिल्लीपर्यंतच्या टप्प्याची असते. नागपूर ते मुंबई आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर असेल तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादाच लागू होते. वेगळी तिकिटं काढली असतील तर सोनेगावलाच, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच, देशांतर्गत विमानाचे १५ किलो लागू होतात आणि वरच्या प्रत्येक किलोचे पैसे पडतात. तसं असेल तर मुंबईपर्यंत दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस बरी. थर्ड एसीत माणशी ४० किलो सामान नेता येतं, आणि सोडायला तुम्हीही जाल. मात्र गाडीला उशीर होतो हे धरून मुंबईत किमान अर्धा दिवस हातात ठेवा.

आता वजन. रिकामी मोठी ट्रॉली बॅगच चार-साडेचार किलोंची असते, म्हणजे उरतात साडेअठरा. माझा हिशेब असा: कपडे ७ किलो, बुटांचा एक जोड १, कुकर २, बाकी भांडी दीड, खाण्याचं ४, चादर-टॉवेल १, किरकोळ अर्धा. बॅग धरून साडेएकवीस होतात. उरलेला दीड किलो शेवटपर्यंत रिकामा ठेवा, कारण निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशी-आत्या डबे घेऊन येतातच, आणि घरचा काटा व विमानतळावरचा काटा जुळेलच असं नाही. घरी तोलायचं तर मुलाला बॅगेसकट वजनकाट्यावर उभं करा आणि त्याचं एकट्याचं वजन वजा करा. हवा काढून घेणाऱ्या पिशव्या जपून वापरा. त्यांनी जागा वाचते, वजन नाही. उलट जास्त माल मावतो आणि बॅग २७ किलोंवर जाते.

भरताना बॅग आडवी ठेवा. कुकर, बूट, डबे चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केल्यावर जड माल खाली राहतो आणि ती तोल जाऊन पडत नाही. बुटांत मोजे, कुकरमध्ये मसाल्याच्या पुड्या. टी-शर्ट आणि जीन्स गुंडाळून, शर्ट घडी करून. जाड जॅकेट आणि जड बूट अंगावरच घालून जाऊ द्या; तिथे उतरल्या उतरल्या लागतातही. नागपुरातलं जॅकेट ऑक्टोबर काढायला पुरतं. डिसेंबरच्या थंडीचं जॅकेट तिथेच घ्यावं, आमच्याकडच्या दुकानांत त्या गारठ्याचा माल क्वचितच मिळतो.

खाण्याचं हे सगळ्यात नाजूक प्रकरण आहे. तूरडाळ, बासमती, हळद जर्मनीतल्या बहुतेक शहरांत भारतीय किंवा आशियाई दुकानात मिळते, त्यावर किलो घालवू नका. सहज मिळत नाही ते द्या: इतवारीतून भिवापुरी मिरचीचं तिखट, सावजी मसाला, गोडा मसाला, ज्वारीचं थोडं पीठ. पाव-पाव किलोच्या पुड्या करा, दुहेरी पिशवीत घाला आणि सील करण्याआधी आतली हवा दाबून काढा. उडताना विमानातला हवेचा दाब इतका उतरतो की बंद पिशवीतली हवा साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगते. फुगलेली पुडी शिवणीला फुटते आणि तिखट सगळ्या कपड्यांत जातं. कुरडया, सांडगे, पापड वजनाला हलके, पण चुरा होतो, म्हणून स्टीलच्या डब्यातच. तेलाचं लोणचं देऊ नका. कोरडा लोणचं मसाला द्या.

काही गोष्टी मन घट्ट करून वगळा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून घरचं तूप नाही. संत्रा बर्फीत खवा असतो. कस्टमवर समजावत बसण्यापेक्षा ती घरीच खाऊन जाऊ दे. संत्री, लिंबं, ताजा कढीपत्ता वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. कढीपत्ता वाळवून, पूड करून द्या. सुकं खोबरं मोठ्या बॅगेत नको आणि केबिन बॅगेतही नको. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत धोकादायक माल धरतात.

कुकर तीन लिटरचा, सपाट बुडाचा, एक जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्हसह. तळाला चुंबक चिकटतं का पाहा. चिकटलं नाही तर इंडक्शनवर चालणार नाही. वीज तिथेही २३० व्होल्ट, त्यामुळे आपला मिक्सर चालतो, फक्त आपला जाडा तीन-पिन प्लग बसत नाही. मोबाइलचा बारीक दोन-पिन बहुधा बसतो. एक चांगला अडॅप्टर आणि चार खाचांचा एक एक्स्टेन्शन बोर्ड पुरे.

केबिन बॅगेत पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा जर्मनीसाठीचा दाखला), विद्यापीठाच्या मूळ गुणपत्रिका, घराचा करार, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, जादा चष्मा, औषधं आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची. पॉवर बँक केबिनमध्येच. सामानात टाकली तर बॅग अडवतात. २०,००० एमएएचची चालते.

एक मात्र नक्की करा. जर्मनीत रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद असतात, ३ ऑक्टोबरलाही राष्ट्रीय सुट्टी असते, आणि वसतिगृहाच्या खोलीत बऱ्याचदा अंथरूण-पांघरूण नसतं. म्हणून चादर, टॉवेल, साबण आणि दोन दिवसांचं उपमा-पोह्यांचं तयार पाकीट सगळ्यात वर ठेवा. तिथल्या स्टेशनवर हमाल नसतो आणि छोट्या स्टेशनांवर लिफ्ट असेलच असं नाही, तेव्हा भरलेली बॅग त्याला घरच्या जिन्यावरून दोन मजले एकट्याला चढवून पाहू द्या. दम लागला तर आधी भांडी काढा.