गव्हाचा दाणा बारीक का पडतो? उशिरा पेरणी, ऊन आणि वाणाची निवड

गहू निघून बाजार समितीत जाऊ लागला की कार्यालयात बारीक दाण्याचे प्रश्न येऊ लागतात. यंदा आलेल्यांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहे.

दारव्ह्याकडच्या एका कास्तकारांनी विचारले आहे : “पराटी (कपाशी) उपटून १२ डिसेंबरला गहू पेरला. खतापाण्यात कमी केले नाही. लोंब्या भरगच्च दिसत होत्या, पण दाणा चिमलेला निघाला आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. बियाणे खराब होते का?”

दादा, तुम्ही सांगता त्यावरून तरी बियाण्यावर दोष येत नाही. तुमचा गहू फेब्रुवारीच्या मध्यात फुलोऱ्यावर आला आणि दाणा भरण्याचा सगळा काळ मार्चच्या उन्हात सापडला. लोंबीत किती दाणे धरायचे हे फुलोऱ्यापर्यंत बरेचसे ठरून जाते, म्हणून लोंबी भरगच्च दिसते. दाण्याचे वजन मात्र त्यानंतर भरते. त्या वजनात सुमारे दोन तृतीयांश स्टार्च असतो. दुपारचा पारा ३० अंशांच्या वर जाऊ लागला की पानांकडून आलेल्या साखरेचा स्टार्च करणारी दाण्यातली विकरे (एन्झाइम) मंदावतात. पाने लवकर पिवळी पडतात, रात्रही गरम असेल तर तयार झालेली साखर झाडाच्या श्वसनातच खर्ची पडते. भरायला जे दिवस मिळायला हवेत ते मिळत नाहीत, आणि दाणा अर्धवट भरून वाळतो. अशा वेळी खताची मात्रा वाढवून काही साधत नाही.

हे फक्त आपल्या विदर्भात होते असे समजू नका. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला, तेव्हा पंजाब-हरियाणाचा वेळेवर पेरलेला गहूही चिमला. सरकारी खरेदीत चिमलेल्या व तुटलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्के असते, ती त्या वर्षी १८ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. त्यांच्याकडे असा मार्च एखाद्या वर्षी येतो, आपल्याला तो दरवर्षी धरूनच चालावे लागते.

म्हणून तारीख सांभाळा. बागायती गव्हाची पेरणी १५ नोव्हेंबरपर्यंत व्हावी. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट धरली जाते, आणि १५ डिसेंबरनंतर गहू परवडत नाही. पराटी तोवर निघणार नसेल तर त्या रानात गव्हाचा हट्ट धरू नका. पाणी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी भुईमूग किंवा तीळ घ्या.

कारंज्याहून एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा बचत गट गव्हाचे पीठ विकतो. “बारीक दाण्यात प्रथिने जास्त असतात म्हणतात. मग त्याची कणीक सैल का पडते, पोळी नीट का फुगत नाही?”

ताई, ऐकले ते खरे आहे, पण अर्धेच. उन्हाचा मार स्टार्चवर जास्त आणि प्रथिनांवर कमी बसतो. स्टार्च घटला म्हणून प्रथिनांची टक्केवारी वाढलेली दिसते. दाण्यातले एकूण प्रथिन काही वाढत नाही. शिवाय कणकेचा ताण ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रथिनांच्या मेळावर ठरतो. दाणा भरताना पारा काही दिवस ३५ अंशांच्या वर राहिला की हा मेळ ग्लियाडिनकडे झुकतो, ग्लुटेनिनची घट्ट जाळी नीट बनत नाही, आणि कणीक ताण धरत नाही. बारीक दाण्यात कोंड्याचा वाटाही वाढतो. गहू घेताना प्रथिनांच्या आकड्यावर जाऊ नका, मूठभर दळून पोळी करून बघा. दाण्यावर पांढुरके ठिपके असतील तर ती बहुधा नत्राची कमतरता असते, त्याचा दोष उन्हाला देऊ नये.

मूर्तिजापूरच्या एका तरुण कास्तकाराने थेट विचारले आहे : “विद्यापीठ ऊन सोसणारा वाण का काढत नाही?”

काढते. पण काम वाटते त्याहून अवघड आहे. एक वाट म्हणजे ऊन वाढण्याआधी निघणारा लवकरचा वाण. लोकवन आपल्याकडे टिकला तो लवकर येण्यामुळे आणि ठोकळ दाण्यामुळे. पण दिवस फार कमी केले तर उत्पन्नही कमी होते. दुसरी वाट म्हणजे ऊन सोसून दाणा भरणारा वाण. त्यासाठी पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ, तेच वाण वेळेवर आणि उशिरा असे दोनदा पेरतात, हजार दाण्यांचे वजन किती घटले ते पाहतात, दुपारी पिकाच्या पानांचे तापमान मोजतात. ज्याची मुळे खोल ओल ओढतात त्याची पाने थंड राहतात. खोडात साठवलेली साखर शेवटी दाण्यात उतरवणारा वाणही उन्हात टिकतो.

पण उत्पन्न टिकले म्हणजे कणीक टिकली असे नाही. सुरुवातीच्या पिढ्यांत एका झाडाचे दाणे इतके थोडे असतात की पोळी करून पाहणे शक्य नसते, चिमूटभर पिठाच्या चाचणीवरच निवड करावी लागते. माझे स्पष्ट मत आहे की आपल्या भागासाठी वाण निवडताना उशिराच्या पेरणीतल्या दाण्याची पोळी ही शेवटची कसोटी असावी. नुसत्या क्विंटलच्या आकड्याने वाण मोठा ठरवू नये.

आज उशिरा पेरणीसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा एकेएडब्ल्यू ४६२७, निफाडचा एनआयएडब्ल्यू ३४ आणि एचडी २९३२ हे वाण आहेत. उशिरा पेरताना फुटवे कमी येतात, म्हणून बियाणे एकरी ५० किलो आणि दोन ओळींत १८ सेंमी अंतर ठेवा. पाणी कमी असेल तर मुकुटमुळे फुटताना, म्हणजे १८ ते २१ दिवसांचे ओलित चुकवू नका. त्यानंतर फुलोरा आणि दाण्यात चीक भरण्याची वेळ सांभाळा. ओल असली की झाड पानांतून पाणी सोडून स्वतःला थंड ठेवते. मार्चमध्ये वारा असताना ओलित दिले तर गहू लोळतो, तेव्हा रात्रीच्या लाइटीत वारा पडल्यावर हलके पाणी द्या. पोटॅशियम नायट्रेटची २ टक्क्यांची फवारणी, एकरी ४ किलो २०० लिटर पाण्यात, एकदा लोंबी पोटरीत, म्हणजे शेवटच्या पानाच्या वेटोळ्यात असताना आणि एकदा फुलोऱ्यात केल्यास थोडा आधार मिळतो. उशिराची भरपाई त्याने होत नाही.

चिमलेला गहू बियाणे म्हणून चालेल का, असेही याच पत्रात विचारले आहे. उन्हाने वाण बदलत नाही, आणि गहू स्वपरागित आहे, म्हणजे त्याच फुलातल्या परागाने दाणा धरतो, त्यामुळे दुसऱ्या वाणाची भेसळ सहसा होत नाही. पण बारीक दाण्याचा अंकुर अशक्त निघतो. चाळणीने बारीक दाणा वेगळा काढा, उरलेल्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने मोजा. ८५ पेक्षा कमी उगवले तर ते घरी दळायला ठेवा आणि पेरायला प्रमाणित बियाणे आणा.