पाळक म्हणजे दिवसभर करतो काय? फक्त धर्मांतर?

तुम्ही विचारलंय की शाळेतला ख्रिस्ती मित्र पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक व्हायचं शिक्षण देणाऱ्या शाळेत चाललाय, घरचे म्हणतात आता हा लोकांना बाटवत फिरणार, लांब राहा त्याच्यापासून, तर पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं खरं काम काय असतं आणि मैत्री ठेवावी का. मी नगर जिल्ह्यात वीसेक वर्षं पाळक आहे, माझ्यापुरतं सांगतो.

परवाचाच दिवस घ्या. पहाटे एका आजींच्या मयताचा निरोप आला, तर पहिलं काम म्हणजे खड्डा खणायला माणसं गोळा करणं, कारण आमच्या कब्रस्तानात जेसीबी आत जात नाही. दुपारी दोन सख्ख्या भावांचं बांधावरून भांडण, दोघंही चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळात, दोघांनाही मी दुसऱ्याच्या बाजूचा वाटतो. संध्याकाळी एका घरी प्रार्थना, मध्येच लाईट गेली, मोबाईलच्या उजेडात बायबलमधलं वचन वाचलं आणि मग पिठलं-भाकरी खाऊन घरी. बाप्तिस्मे होतात ते बहुतेक मंडळीतल्याच, म्हणजे चर्चला येणाऱ्या घरांतल्या लेकरांचे.

पण सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगतच नाही असं म्हणालो तर खोटं होईल. सांगतो. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, आणि १९७७ साली सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलंय की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करायचा हक्क नव्हे. मला ते पटतं. माणूस बदलणं हे माझ्या हातातलं कामच नाही, हे मात्र मला कोर्टाने नाही शिकवलं, एका सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या माणसाने शिकवलं.

नवीन होतो तेव्हा, अंगात लई जोर. पिशवीत पत्रकं घेऊन वॉर्डाबाहेर वाटत सुटायचो आणि घरी येऊन मोजायचो आज किती गेली. त्या माणसाचा बाप आत ॲडमिट होता. मी पत्रक पुढे केलं, त्याने घेतलं, उलटं केलं, मागची बाजू कोरी आहे बघितलं आणि म्हणाला, "साहेब पेन आहे का, डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलंय, विसरायच्या आत लिहून घेतो." त्याला स्पेलिंग येईना म्हणून नर्सला परत विचारून मीच लिहून दिलं, मग मेडिकलच्या लायनीत त्याच्याबरोबर उभा राहिलो, पाऊण तास. येशूचं नाव मी त्या पाऊण तासात एकदाही काढलं नाही, त्याने पत्रकाची पुढची बाजू कधी वाचली का ते माहीत नाही. त्या दिवशी मोजदाद बंद केली. माझे सिनियर पाळक यावर चिडले होते, ते म्हणाले मग पगार कशाचा घेतोस, आणि त्यांचंही अगदीच चूक होतं असं नाही.

पगारावरून आठवलं, आम्ही पैसे देऊन लोकांना बाटवतो हा आरोप. आमच्या चर्चचा पत्रा तीन पावसाळे गळतोय. आणि लोकांना एक गोष्ट माहीतच नसते की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, आम्हाला अजून नाहीत. त्यामुळे असंही होतं की एखादी आई पोराला घेऊन येते आणि हळूच म्हणते, पाळकसाहेब, बाप्तिस्मा द्या पण रजिस्टरला नाव नका लिहू. मी नाही म्हणतो, नोंद खरीच ठेवावी लागते. ती उठून जाते, पुढचे दोन-तीन रविवार येत नाही, आणि मला त्या रात्री झोप लागत नाही. सेमिनरीत यावर धडा नव्हता.

दुसरं म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा परकी वाटायचं कारण नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या नगरचेच म्हणायचे, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला पण अभंग नि कीर्तन सोडलं नाही, तुकोबांचं ऋण उघड मानायचे, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही येशूभक्तांची संगत उभी केली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. मिशनच्या साहेबी थाटाला ते कंटाळले होते. आजही आमच्याकडे पेटी-तबल्यावर त्यांची भजनं सुरू झाली की दारात चपलांचा ढीग वाढतो, त्यात शेजारचे माळकरी आजोबा असतात, टाळ स्वतःचे आणतात. ते गेली अकरा वर्षं येतायत, माळकरीच आहेत, मी कधी विचारलं नाही. (आमच्यातल्या काहींना हे आवडत नाही, असो.)

म्हणून मित्राला एवढंच सांगा की जमलं तर पेटी शिकून घे आणि टू-व्हीलरचं लायसन आत्ताच काढ, उपयोग होतो.

मैत्रीचं म्हणाल तर ठेवा की. माझा वर्गमित्र दरवर्षी वारीला जातो, त्यांची दिंडी आमच्या चर्चपुढून जाते, तेव्हा मंडळीतली पोरं चहाचं पातेलं घेऊन उभी असतात. दोन वर्षांपूर्वी तो पाऊस आला म्हणून चर्चच्या ओसरीत थांबला आणि अभंगांची वही विसरून गेला. मागच्या वारीला मागितली तर मी म्हटलं, थांब जरा, तीन अजून उतरवून घ्यायचेत.