फटाक्याला दचकणारे बाबा आणि बारावीनंतरची वाट

सातारा जिल्ह्यातून एका मुलीचं पत्र आलंय. वडील फौजेतून निवृत्त. दिवाळीत फटाका वाजला की दार लावून बसतात, रात्री दचकून उठतात. ती बारावी सायन्सला आहे. 'हे का होतं ते शिकून सैनिकांसाठी काम करायचंय. आई म्हणते नर्सिंग कर. काय करू?'

बाळा, आधी बाबांचं. शिकून त्यांना आपणच बरं करू, हा हिशेब मनातून काढ. तुला तयार व्हायला दहा वर्षं लागतील, त्यांनी तोवर का थांबायचं? त्यांचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. आजाराला नाव डॉक्टर देतील, तू आणि मी नको.

'मला काय वेड लागलंय?' असं ते म्हणतील, फौजी माणूस म्हणणारच. तेव्हा तुझी बायोलॉजी काढ. मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो आणि कपाळामागचा भाग 'अरे, फटाका आहे' म्हणून ती थांबवतो. सीमेवर घंटा जितकी लवकर वाजेल तितकं चांगलं, जीव त्यानेच वाचतो. घरी आल्यावरही ती तशीच वाजत राहते, एवढंच. उपचाराने जुनी आठवण पुसली जात नाही. 'इथे धोका नाही' हे नवं शिकणं तिच्या शेजारी बसवायचं असतं.

आता तुझं. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांवरचा २००२ सालचा एक अभ्यास सांगते. तीव्र पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर मनात राहून जाणारा आजार, असलेल्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंधित भाग, लहान दिसायचा. युद्धाने तो आक्रसला, असा अंदाज होता. मग त्यांचे युद्धावर न गेलेले जुळे भाऊ तपासले, तर त्यांचाही लहानच! म्हणजे तो युद्धाचा परिणाम नसून आधीपासूनची नाजूक जागा असू शकते.

हे वाचून 'मोजलं कसं असेल?' असं मनात आलं, की 'त्या भावांचं पुढे काय झालं?' खरं उत्तर दे, वाट त्यावरच ठरेल.

पहिला प्रश्न पडला असेल तर तू संशोधनाची. आयसरसारख्या विज्ञान संस्थेत बायोलॉजी, पुढे बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था निम्हान्स किंवा मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. पेशंट कमी, प्रयोगशाळा जास्त.

दुसरा पडला असेल तर माणसांत जा. पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, एमबीबीएस, मग मानसोपचारात एमडी, ही सरळ पण लांब वाट. क्लिनिकल सायकॉलॉजीला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, साध्या मानसशास्त्राच्या एम.ए.वर ती मिळत नाही. नियमही बदलताहेत, तेव्हा फी भरण्याआधी मान्यता तपास. (एसएसबीतले, म्हणजे फौजेतले अधिकारी निवडणाऱ्या मंडळातले, मानसशास्त्रज्ञ उमेदवार पारखतात, उपचार करत नाहीत. दर वर्षी कुणीतरी इथे फसतंच.) ऑक्युपेशनल थेरपी मुलांना माहीतच नसते, पण पुनर्वसनातलं रोजचं काम तिथे आहे: झोपेची घडी, बाजारात पुन्हा एकट्याने जाणं, नवा धंदा शिकणं. १९१७ साली सुरू झालेली आणि आता खडकीत असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग सैनिकांना हेच, हाताला काम, शिकवते.

आणि आई चुकीचं बोलत नाहीत. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस हीसुद्धा फौजेतलीच नोकरी, आणि वॉर्डात रात्री तीनला दचकून उठलेल्या जवानाजवळ आधी सिस्टरच पोचते.

एएफएमसी, मिलिटरी नर्सिंग, ऑक्युपेशनल थेरपी, तिन्हीकडे 'नीट' ही प्रवेशपरीक्षा लागते. तो फॉर्म तेवढा चुकवू नकोस.