घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या फोटोंचे रंग स्क्रीनवरच्या रंगांशी जुळण्यासाठी काय करावे?

आपल्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत: लग्नाचे फोटो स्क्रीनपेक्षा काळपट छापले जातात, चेहरे तांबूस येतात आणि गर्द निळी पैठणी जांभळी दिसते. ड्रायव्हरमधील (संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममधील) ब्राइटनेस आणि रंगांचे स्लायडर हलवून पाहिले, तर एक फोटो सुधारतो आणि दुसरा बिघडतो, असेही आपण लिहिले आहे. मी अनेक वर्षे घरीच फोटो छापत आलो आहे आणि माझ्या मते या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असल्यामुळे एकाच स्लायडरने त्या सुटणे शक्य नाही. म्हणून प्रथम ते सगळे स्लायडर मूळ जागी आणून ठेवावेत.

काळपटपणाचे कारण बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसून स्क्रीनमध्ये असते. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, तर कागद खोलीतला प्रकाश तेवढा परत पाठवतो. शिवाय नवे मॉनिटर आणि लॅपटॉप दुकानातल्या लखलखाटात उठून दिसावेत इतके प्रखर ठेवलेले असतात. छपाईशी तुलना करण्यासाठी पांढऱ्या रंगाची तेजस्विता साधारण ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर (तेजस्विता मोजण्याचे एकक) असावी, असे मानले जाते. मोजण्याचे यंत्र नसेल तर ज्या उजेडात आपण प्रिंट पाहणार आहात त्याच उजेडात फोटोपेपरचा कोरा कागद स्क्रीनशेजारी धरावा, स्क्रीनवर कोरे पांढरे पान उघडावे आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करावा. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी नाइट लाइटसारखी सोय त्या वेळी बंद हवी. स्पायडर किंवा कॅलिब्राइट यांचे कॅलिब्रेशनचे, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवण्याचे, उपकरण कोणाकडून दोन दिवसांसाठी मिळाले तर उत्तमच, कारण डोळ्याने उजेड जुळवता येतो, रंगांचा कल मात्र नीट जुळवता येत नाही.

तांबूस चेहऱ्यांसाठी आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रे तपासण्यासाठी प्रिंटर काढतो तो रेषांचा नमुना, छापून पाहावा. सायन (हिरवट निळी) किंवा फिकट सायन शाईची काही छिद्रे बंद असतील तर कातडीचा रंग लगेच लालीकडे झुकतो आणि अशा वेळी बाकी कोणतीही खटपट व्यर्थ ठरते. रेषा अखंड येत असतील तर मात्र रंगांचे रूपांतर दोनदा होत असल्याचा संशय घ्यावा; घरगुती छपाईत हा घोटाळा फार आढळतो आणि त्याची खूण म्हणजे सगळ्या फोटोवर पसरलेली गुलाबी-लाल झाक.

हे रूपांतर म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो. फाइलमधले आकडे कोणत्या रंगाचे आहेत, हे तिला जोडलेल्या प्रोफाइलवरून, म्हणजे रंगांच्या वर्णनावरून, ठरते. रंगांची अशी काही ठरलेली मानके आहेत: बहुतेक कॅमेरे एसआरजीबी वापरतात, काहींत ॲडोबी आरजीबी निवडता येते, आणि आयफोन ७ पासूनचे आयफोन डिस्प्ले पी३ मध्ये फोटो साठवतात. त्या आकड्यांवरून आपल्या कागदावर किती शाई सोडायची, हा हिशेब एकदाच आणि एकाच ठिकाणी व्हायला हवा. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधून छापताना रंगांचे नियंत्रण सॉफ्टवेअरकडे दिले आणि तिथे कागदाचे प्रोफाइल निवडले, तर ड्रायव्हरमधील रंगसुधारणा पूर्ण बंद करावी लागते. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी ‘नो कलर ॲडजस्टमेंट’ असा पर्याय असतो. कॅननमध्ये रंगांची जुळवणी मॅन्युअल करून ‘मॅचिंग’खाली ‘नन’ निवडतात. याउलट, नियंत्रण प्रिंटरकडे ठेवायचे असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तसे स्पष्ट सांगावे, फाइल एसआरजीबीमध्ये द्यावी आणि ड्रायव्हर त्याच्या नेहमीच्या मोडवर ठेवावा. कंपनीचीच शाई आणि कंपनीचाच कागद असेल तर हा दुसरा मार्गही समाधानकारक रंग देतो, हे मी आवर्जून सांगेन. फोटो आधी सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या हिशेबात) बदलून घेण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तर तो ऑफसेट छापखान्यासाठी योग्य आहे; घरगुती इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांच्या आकड्यांची) फाइलच अपेक्षितो आणि शाईचे गणित स्वतः करतो.

प्रोफाइल हे एकट्या प्रिंटरचे नसते. ते प्रिंटर, शाई, कागद आणि छपाईची सेटिंग या चौघांच्या ठरावीक संचाचे असते. त्यामुळे बाजारातली सुट्टी शाई भरली किंवा १८० जीएसएमच्या ग्लॉसी कागदाऐवजी दुसऱ्याच कंपनीचा मॅट कागद घातला की कंपनीचे प्रोफाइल लागू पडेलच असे नाही. ड्रायव्हरमधील कागदाचा प्रकार तरी हातातल्या कागदाशी जुळलेला हवा, कारण शाई किती सोडायची याची मर्यादा तिथूनच ठरते. प्लेन पेपरचे सेटिंग ठेवून फोटोपेपरवर छापलेला फोटो निस्तेज आला तर तो दोष शाईचा नव्हे. आपल्या संचासाठी खास प्रोफाइलही करून घेता येते: रंगांच्या शेकडो चौकोनांचा तक्ता आपल्याच प्रिंटरवर छापायचा, तो स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचा आणि त्या मापांवरून प्रोफाइल तयार होते. एकच कागद आणि एकच शाई वर्षभर वापरणार असाल तरच या खर्चात अर्थ आहे.

पैठणीची गोष्ट वेगळी आहे. स्क्रीनवरचा गर्द निळा थेट निळ्या प्रकाशाचा असतो, तर कागदावर तो सायन आणि मॅजेंटा (गुलाबी-जांभळी) शायांच्या मिश्रणातून काढावा लागतो, त्यामुळे तितका शुद्ध निळा चार किंवा सहा शायांच्या प्रिंटरच्या आवाक्यातच नसतो आणि तो जांभळ्याकडे सरकतो. येथे सॉफ्ट प्रूफ उपयोगी पडतो: सॉफ्टवेअरमध्ये कागदाचे प्रोफाइल निवडून छापील फोटो कसा दिसेल ते स्क्रीनवर पाहावे आणि फक्त साडीचा भाग निवडून निळ्याची तीव्रता व त्यातली जांभळी छटा थोडी कमी करावी. परसेप्चुअल आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक हे रंग प्रिंटरच्या आवाक्यात बसवण्याचे दोन्ही पर्याय तिथेच आलटून पालटून पाहावेत. पहिला सगळे रंग थोडे आत ओढून त्यांच्यातला क्रम राखतो, तर दुसरा आवाक्यातले रंग तसेच ठेवून बाहेरचे रंग काठावर आणून बसवतो. चेहऱ्यांसाठी मी सहसा दुसरा निवडतो, सोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (गडद भागांतला तपशील राखणारी सोय) चालू ठेवतो. भरजरी कपड्यांच्या फोटोत मात्र पहिल्याने घड्यांमधला तपशील अधिक टिकतो.

प्रिंट बाहेर येताच रंगाबद्दल मत बनवू नये. डाय शाईचा (रंग द्रवात विरघळलेल्या शाईचा) रंग सुकताना बदलतो, म्हणून शक्य तर दुसऱ्या दिवशी पाहावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेमुळे याहून अधिक वेळ लागतो, आणि उरलेला कागदही बंद पिशवीत ठेवला नाही तर वळतो. पाहताना खिडकीतला दिवसाचा उजेड घ्यावा, थेट ऊन नको. छापील रंग तपासण्याच्या आयएसओ ३६६४ या मानकात सुमारे ५००० केल्विनचा प्रकाश धरला आहे; घरात त्याच्या जवळ जाणारा, ९० किंवा अधिक सीआरआयचा (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याच्या निर्देशांकाचा) एलईडी दिवा चालतो. साध्या स्वस्त एलईडीखाली तीच प्रिंट वेगळी दिसू शकते.

पूर्ण आकाराचा कागद खर्च करण्यापूर्वी चेहरा, साडी आणि एखादी करडी भिंत येईल असा फोटोचा अरुंद पट्टा छापून पाहावा. करडा रंग खरोखर करडा आला तर रूपांतर ठीक आहे असे समजून फक्त साडीवर काम करावे, आणि त्यात लाली दिसली तर पुन्हा नोझल चेक आणि ड्रायव्हरच्या सेटिंगकडे वळावे.