तुम्ही विचारा: गाडी काढून निवांत भटकायचंय, मुक्काम गावातल्या गेस्टहाऊसमध्ये

प्रश्न: ताई, मी, मिस्टर, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई असे चौघं दहा दिवस गाडी घेऊन निघतोय. मोठी हॉटेलं नकोत, खेड्यातल्या गेस्टहाऊसमध्ये राहायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे. मिस्टरांनी सात मुक्काम काढलेत, रोज साडेतीनशे-चारशे किलोमीटर, म्हणतात पाच तासांत आरामात होतं. मला हे फार धावपळीचं वाटतंय पण नेमकं काय कमी करू ते कळत नाहीये.

उत्तर: तुम्हाला वाटतंय ते अगदी बरोबर आहे. आधी मुक्कामच कमी करा, दहा दिवसांत तीन, फार तर चार, आणि प्रत्येक ठिकाणी दोन रात्री तरी हव्यातच, तीन जमल्या तर फारच छान. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे काय होतं, तर संध्याकाळी पोचायचं, डिकीतून बॅगा काढायच्या, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी उठून त्याच बॅगा परत भरायच्या, यात ते गाव बघायला वेळ कुठे मिळतो? दुसऱ्या दिवशी सकाळी कुठंच जायचं नसतं ना, तेव्हाच घरमालकांशी खऱ्या गप्पा होतात आणि मागच्या टेकडीवर जाणारी पायवाट कुठून सुरू होते, ओढ्यात मुलांनी कुठे उतरलेलं चालतं, हे सगळं त्यांच्याकडूनच कळतं, कुठल्या ॲपवर ते सापडत नाही.

आता पाच तासांचं गणित. मॅप जो वेळ दाखवतो तो नुसता गाडी चालवायचा, त्यात चहा नाही, टॉयलेट नाही, पेट्रोल नाही, मुलाला मळमळलं म्हणून बाजूला घेतलेली गाडी तर नाहीच. शिवाय गेस्टहाऊस गावात म्हणजे शेवटचा टप्पा अरुंद, वळणावळणाचा, तिथे ताशी तीस-चाळीसच्या वर सरासरी पडत नाही. म्हणून मी सांगेन की मॅपच्या वेळेची सरळ दीडपट धरा आणि मुक्काम बदलायच्या दिवशी मॅपवर तीन-साडेतीन तासांच्या वरचा पल्ला घेऊच नका. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं तरी थांबायचं, सासूबाईंना गाडीतून उतरून चार पावलं चालू द्यायचं, एका जागी बसून पाय सुजतात.

आणि एक गोष्ट मात्र कृपा करून पाळा, उजेड असताना पोचा. सूर्यास्ताच्या तासभर आधी तुम्ही दारात हवेत. गावाकडचे शेवटचे चार-पाच किलोमीटर अंधारात फार अवघड जातात, रस्त्यावर दिवे नसतात, बोर्ड असला तरी दिसत नाही, नेटवर्क नेमकं तिथेच जातं, आणि मॅपवरचा पिन कित्येकदा शेजारच्या शेतात पडलेला असतो. त्या भागाचा ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, घरमालकांना फोन करून शेवटचं वळण कसं ओळखायचं ते विचारून चक्क कागदावर लिहून घ्या.

मिस्टर चारशेवर अडले तर त्यांना दुसरा रस्ता सुचवा, जायच्या दिवशी एकदाच लांबचा पल्ला, हायवेनं, आणि मग त्या भागातच छोट्या छोट्या उड्या. यात त्यांचीही हौस होते.

प्रश्न: फोटोत सगळीच गेस्टहाऊस सुंदर दिसतात हो. बुक करायच्या आधी काय बघायचं?

उत्तर: फोन करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. खोली तळमजल्यावर आहे का, पायऱ्या किती, बाथरूम खोलीला लागून आहे की बाहेर, गरम पाणी कधी असतं, गाडी दारापर्यंत येते का आणि खाली तळ घासेल असा रस्ता आहे का, रात्रीचं जेवण मिळतं का आणि किती वाजेपर्यंत कळवायचं. जेवणाचं आवर्जून विचारा, कारण तिथे बाहेर पडून काहीतरी खाऊ हा पर्याय बहुतेक वेळा नसतोच. माणूस या प्रश्नांना नीट, न कंटाळता उत्तरं देतोय की "या हो, सगळं आहे" म्हणून फोन ठेवतोय, यावरून पुढचं बरंच समजतं. रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले सोडा, तीन स्टारवाले वाचा, तेही तुम्ही जाताय त्याच सीझनचे.

प्रश्न: घाटात गाडी चालवायची सवय नाही. काय काळजी घ्यावी?

उत्तर: उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ब्रेक तापले की लागायचे कमी होतात. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा, ऑटोमॅटिक असेल तर लो किंवा मॅन्युअल मोड वापरा. टायरची हवा गाडी थंड असताना तपासा, भरलेल्या गाडीसाठी किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. अजून एक, मागे माणसं आणि सामान बसलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो, त्यासाठी स्टिअरिंगजवळ ० ते ३ असे आकडे असलेलं छोटं चाक असतं, ते सामानाच्या हिशोबानं फिरवा म्हणजे झोत खाली येतो. फार लोकांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

प्रश्न: आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. गावात राहायचं म्हणजे चार्जिंगचं काय?

उत्तर: खरं सांगू, अशा संथ ट्रिपला इलेक्ट्रिक गाडी छानच जमते. घरातल्या पंधरा-सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर दहा अँपिअरनं साधारण २.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे रात्रभर दहा तास लावली की तेवीस युनिटच्या आसपास, त्यात शंभर-सव्वाशे किलोमीटर जायला हरकत नाही, आणि दोन रात्री राहणार असाल तर प्रश्नच मिटला. मात्र बुकिंग करतानाच परवानगी घ्या, विजेचे पैसे वेगळे द्या, अर्थिंग नीट आहे का विचारा आणि साधी एक्स्टेन्शन वायर अजिबात लावू नका, तासन् तास लोड घेऊन ती तापते. वायरिंग जुनं वाटलं तर गाडीतून किंवा चार्जरवरून करंट कमी करता येतो का बघा, सहा-आठ अँपिअरवर ठेवा, वेळ जास्त लागेल पण घराच्या वायरिंगवर ताण येणार नाही.