पोस्टडॉकला बाहेर यायचंय? आधी तारखांचा तक्ता करा

राम राम भाऊ,

तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही रावेर तालुक्यातले, वय ३४. पीएचडी वनस्पतिशास्त्रात, विषय केळीवरचा हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. एप्रिलमध्ये व्हायवा झाली, नोटिफिकेशन, म्हणजे पीएचडी मिळाल्याचं विद्यापीठाचं पत्रक, अजून हातात नाही. कॉलेजात बरीच वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवताय. जर्मनीतल्या एका लॅबने जानेवारीपासून एका वर्षाचं प्रोजेक्टवरचं काम देऊ केलंय, पण मनात आहे मेरी क्युरी फेलोशिप, म्हणजे युरोपियन युनियन पीएचडीनंतरच्या संशोधनाला (पोस्टडॉकला) देते ती. तुम्ही विचारलंय: वय उलटून गेलं का, सीएचबीची वर्षं अनुभवात धरतात का, नोटिफिकेशनशिवाय अर्ज चालतो का, आणि जर्मनीचं काम घ्यावं की नाही.

मी मूळची अमळनेरची, आता बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला असते. आमच्या विभागात दर उन्हाळ्यात या फेलोशिपचे अर्ज तयार होतात आणि त्यातले काही वाचायला माझ्याकडे येतात. आपल्याकडची हुशार मुलं प्रपोजलवर महिनोन् महिने घालवतात आणि पात्रतेचं पान शेवटच्या आठवड्यात उघडतात, हे मी पाहत आलेय. पात्रता म्हणजे सगळा तारखांचा मामला. पीएचडी कोणत्या तारखेला झाली, त्यानंतर संशोधनात किती काळ गेला आणि गेल्या तीन वर्षांत तुम्ही कोणत्या देशात होता, एवढंच तिथे पाहतात. खाली लिहितेय ते २०२५ च्या कॉलचे, म्हणजे त्या वर्षी मागवलेल्या अर्जांचे नियम. दर कॉलला थोडाफार फरक होतो, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचं अर्जदारांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक उघडून ताडून बघा.

वयाची धास्ती सोडा. मेरी क्युरीला वयाची अटच नाही. पन्नाशीत पीएचडी केलेला माणूसही अर्ज करू शकतो. वयाचं भूत आपल्या मानगुटीवर बसलंय ते आपल्याकडच्या जाहिरातींमुळे. आणि गंमत बघा, ३४ हे वय तुम्हाला युरोपात नडत नाही, नडेल ते भारतात. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेच्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला कमाल वय ३५ आहे. महिला, ओबीसी, एससी, एसटी आणि दिव्यांग अर्जदारांना पाच वर्षांची सवलत. तुम्ही सवलतीत बसत नसाल तर तो अर्ज आधी टाका, युरोप कुठे पळून जात नाही.

आता आठ वर्षांचा नियम. पीएचडी झाल्यावर संशोधनाचा अनुभव जास्तीत जास्त आठ वर्षांचा असावा, असा तो आहे. लोक इथेच गोंधळतात. ही आठ वर्षं पीएचडीनंतरची. त्याआधी तुम्ही सीएचबीवर पाच वर्षं शिकवलं काय नि दहा वर्षं शिकवलं काय, या हिशेबात ती येतच नाहीत. आणि पीएचडीनंतरचीही सगळी येत नाहीत. संशोधनाबाहेरच्या कामाची वर्षं वजा होतात, करिअरमधला खंड वजा होतो. नुसत्या तासिका घेण्यात गेलेलं वर्ष हे संशोधनाचं वर्ष नव्हे. ज्या ताया बाळंतपणामुळे, लहान मुलांमुळे वर्ष-दोन वर्षं घरी होत्या आणि आपला नंबर गेला असं धरून बसल्यात, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. फक्त वजाबाकी कागदावर दाखवता आली पाहिजे. तुमची व्हायवा आत्ता झाली, म्हणजे तुमचा अनुभव शून्याच्या आसपास. या नियमाची चिंता तुम्हाला नाही.

नोटिफिकेशनचं मात्र जपून. अर्जाच्या शेवटच्या तारखेला पीएचडी झालेली असणं आवश्यक आहे. प्रबंधाचा बचाव यशस्वी झाला पण पदवी प्रत्यक्ष दिलेली नाही, अशांना २०२५ पर्यंत चालवून घेतलं आहे. पण ‘व्हायवा झाली हो’ असं तोंडी सांगून भागत नाही, कागद लागतो. आपल्याकडे एका पीएचडीला किती तारखा असतात ते मोजा: प्रबंध जमा केल्याची, व्हायवाची, नोटिफिकेशनची, प्रोव्हिजनलची (तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राची) आणि पदवीदान समारंभाची. युरोपातल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. तो पदवीवरची तारीख बघतो आणि ती समारंभाची असते, कधी कधी वर्षभर नंतरची. म्हणून प्रोव्हिजनल हातात आलं की त्यासोबत विद्यापीठाच्या लेटरहेडवर एक इंग्रजी पत्र घ्या: अमुक तारखेला बचाव यशस्वी, तमुक तारखेला पदवी मंजूर. खाली कुलसचिव किंवा परीक्षा विभागाची सही-शिक्का. विद्यापीठांनी पदवीआधी प्रोव्हिजनल द्यावं असं यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीतच आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. सगळीकडे एकच तारीख लिहा. एका अर्जात व्हायवाची आणि दुसऱ्यात समारंभाची तारीख पडली की खुलासे देत बसावं लागतं.

त्याच फेरीत नावाचंही बघून घ्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. पेपरवर तुम्ही नुसती आद्याक्षरं छापलेली. परदेशातल्या कारकुनाला ही तीन माणसं वाटू शकतात. आतापासून पासपोर्टवरचं नाव तेच सगळीकडे वापरा आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकांचा ओळख क्रमांक काढून घ्या, फुकट मिळतो.

आता खरा तिढा, जर्मनीचा. मेरी क्युरीची दुसरी मोठी अट मोबिलिटीची. ज्या देशातल्या संस्थेत जायचं, त्या देशात अर्जाच्या अंतिम तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुमचं वास्तव्य किंवा मुख्य काम १२ महिन्यांपेक्षा जास्त झालेलं नसावं. फिरायला गेलेले दिवस, छोट्या भेटी यात धरत नाहीत. आणि इथे मोजतात तो देश. लॅब बदलली, शहर बदललं, म्युनिकचे बर्लिनला गेलात, तरी जर्मनी ती जर्मनीच.

अंतिम तारीख साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असते. तेव्हा तुमचा हिशेब असा. या सप्टेंबरला अर्ज केलात तर तुम्ही भारतातच असाल, सगळे देश मोकळे. जानेवारीत जर्मनीला गेलात आणि पुढच्या सप्टेंबरला अर्ज केलात, तर तिथे आठ-नऊ महिने झालेले असतील. जर्मनी अजून मोकळीच. पण प्रोजेक्ट वाढला (आणि काम चांगलं असलं की प्रोफेसर वाढवतातच) आणि तुम्ही त्याच्या पुढच्या सप्टेंबरला अर्ज केलात, तर वीस महिने होतात आणि जर्मनीचं दार बंद. डेन्मार्क, स्पेन, बेल्जियम, पोर्तुगाल तेव्हाही उघडे. म्हणजे ज्या लॅबमध्ये तुमचा जीव रमला, जिथला प्रोफेसर तुमच्यासाठी शब्द टाकेल, नेमकी तिथेच फेलोशिप मिळणार नाही. हुम्बोल्ट ही जर्मनीची स्वतःची फेलोशिप, तीही जर्मनीत आधीपासून राहणाऱ्यांवर बंधनं घालते. माणसं हुशार असूनही अडकतात ती इथे.

मग काम घ्यावं का? माझं मत विचाराल तर घ्या. सीएचबीच्या मानधनावर, तेही उन्हाळ्याचे महिने सोडून, घर चालवणाऱ्याला मी ‘फेलोशिपची वाट बघ’ असं सांगणार नाही. मेरी क्युरीला २०२४ मध्ये १०,३६० अर्ज आले होते, २०२५ मध्ये १७,०५८. एका वर्षात एवढी गर्दी वाढली, त्या भरवशावर हातातली नोकरी सोडायची नसते. पण जाताना ठरवून जा: जर्मनी हे शिकायचं ठिकाण, फेलोशिपचा देश दुसरा. किंवा जर्मनीतच राहायचं असेल तर पहिल्याच सप्टेंबरला अर्ज टाकायचा, ‘अजून एक पेपर येऊ दे’ म्हणत पुढे ढकलायचा नाही.

याच सप्टेंबरला घाईघाईने टाकू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. अर्ज तुम्ही एकटे करत नाही, यजमान संस्था तुमच्यासोबत करते, म्हणजे आधी सुपरवायझर हवा. आणि २०२५ पर्यंतचा नियम असा की त्याच संस्थेसोबतच्या अर्जाला ७० टक्क्यांहून कमी गुण पडले तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेसोबत पुन्हा अर्ज करता येत नाही. अर्धाकच्चा अर्ज टाकायचाच असेल तर जिथे मनापासून जायचंय त्या संस्थेवर तो खर्ची घालू नका. पन्नास टक्के गुण विज्ञानाला, तीस परिणामाला, वीस अंमलबजावणीला. आपल्याकडचे अर्ज बहुधा त्या तीसमध्ये मार खातात. ‘शेतकऱ्यांना फायदा होईल’ एवढ्या वाक्यावर गुण मिळत नाहीत. रावेर-यावलच्या शेतात हरण्या आला की माणूस बाग उपटून टाकतो, ती रोपं कुठून आली होती, कोणती तपासणी झाली असती तर ते टळलं असतं, हे तुम्ही बघितलंय. ते लिहा. असं लिहू शकणारा उमेदवार इथे सहसा नसतो.

फॉर्मच्या पहिल्या भागात एक तक्ता आहे, त्याकडे आत्ताच बघा. गेल्या पाच वर्षांत कुठे राहिलात, कुठे काम केलंत, ते तारखेनिशी भरायचं असतं आणि मध्ये एकही भोक चालत नाही. सीएचबीवाल्यांची पंचाईत इथेच होते. ऑर्डर सत्रापुरती, मे ते जुलै कागदोपत्री तुम्ही कुठेच नसता. घाबरायचं कारण नाही. त्या महिन्यांत वास्तव्य भारत असं भरा, रकाना त्यासाठीच आहे. मात्र दर वर्षीच्या नेमणुकीच्या ऑर्डरी आणि मानधनाच्या नोंदी कॉलेजच्या ऑफिसातून काढून स्कॅन करून ठेवा. जर्मनीत बसून त्या मागवायला लागलात तर ऑफिसातले भाऊसाहेब फोन उचलतीलच असं नाही.

एकाच झाडाला लटकू नका. हुम्बोल्टच्या पोस्टडॉक गटाला पीएचडी होऊन चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. जपानच्या जेएसपीएसला सहा वर्षं, आणि तिथे अर्ज यजमान प्रोफेसर करतो. एम्बो (EMBO) ही युरोपातली फेलोशिप जीवशास्त्राचीच आहे, प्रथम लेखक म्हणून किमान एक पेपर लागतो, तो तुमच्याकडे आहे. भारत २०१६ पासून त्यांच्या युरोपीय परिषदेचा सहयोगी सदस्य आहे, पण पीएचडी ताजी लागते, म्हणून ती यादीत वर ठेवा. अमेरिकेच्या एनएसएफच्या पोस्टडॉक फेलोशिप आणि एनआयएचची एफ-३२ तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असतात, त्यावर वेळ घालवू नका. एनआयएचची के-९९ परदेशी माणसाला खुली आहे, पण त्यासाठी आधी अमेरिकेतल्या संस्थेत असावं लागतं आणि पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. मेरी क्युरीतली ग्लोबल फेलोशिप युरोपीय नागरिकांसाठी आणि दीर्घकालीन रहिवाशांसाठी आहे. तुम्ही युरोपियन फेलोशिप हाच पर्याय निवडा. पोर्तुगाल, पोलंड, ग्रीस यांसारख्या देशातली संस्था घेतली तर फॉर्ममध्ये एरा फेलोशिपची खूण जरूर करा. मुख्य यादीत नाव हुकलं तरी तोच अर्ज तिथे दुसऱ्यांदा विचारात घेतात.

घरच्यांचंही विचारलं होतंत. लग्न झालेल्याला किंवा मुलं असलेल्याला मेरी क्युरीत कौटुंबिक भत्ता मिळतो, बायको-मुलगी सोबत आली नाही तरी. जाहीर होणारे आकडे करापूर्वीचे असतात आणि संस्थेचा वाटाही त्यातूनच जातो, म्हणून हातात काय पडेल ते यजमान संस्थेच्या मनुष्यबळ विभागाला विचारा, इंटरनेटवरच्या व्हिडिओला नव्हे. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीतून आत्ताच काढा. लग्नाच्या पत्रिकेवर इथे कोणी व्हिसा देत नाही.

एक सुचवू का? ल्यूव्हेनच्या विद्यापीठात केळीचा जागतिक जनुकसंग्रह आहे, १९८५ पासूनचा. दीड हजारांहून जास्त वाण, काचेच्या नळ्यांत बोटभर रोपं, शिवाय द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेली. बाहेर जाणारं प्रत्येक वाण विषाणूमुक्त आहे की नाही हे तपासावं लागतं, म्हणजे तुमचाच विषय. तिथल्या किंवा तशाच कामातल्या संशोधकांना ईमेल लिहा. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात करून दोन पानी आत्मचरित्र नको. दहा ओळी पुरेत: त्यांचा कोणता पेपर वाचला, तुमच्याकडे कोणते नमुने नि कोणती पद्धत आहे, कोणत्या सप्टेंबरला अर्ज करायचाय, आणि शेवटी ‘मी मोबिलिटीच्या आणि आठ वर्षांच्या अटीत बसतो’ हे एक वाक्य. ते वाक्य वाचलं की समोरच्याचा निम्मा प्रश्न सुटतो.

सोमवारीच विद्यापीठात जाऊन प्रोव्हिजनलचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तक्ता तयार झाला की मला पाठवा, तारखा मी बघून देईन. प्रपोजल त्यानंतर.